आबांना रूट व्हायचं होतं

माझ्या निरोप समारंभात आमच्या मॅनेजरांनी माझी ओळख करून दिली, "मॅडम कॉम्प्युटर बघायच्या." एवढं बोलून ते नारळाकडे वळले. उभ्या नोकरीचं तीन शब्दांत आटोपलं. घरी येताना रिक्षात मला हसूही येत होतं आणि थोडा रागही येत होता, कारण मी काही नुसती बघत बसले नव्हते. मी काय करत होते हे सांगायला मला जागा हवी होती. दिवाळी अंकाची पानं मिळाली आहेत, तर सांगून टाकते.

आमची कंपनी कांद्याची. लासलगावला खरेदी, वजन, गोणीभराई आणि रेल्वेत लोडिंग. नाशिकला गंगापूर रोडवर मुख्य ऑफिस. त्या ऑफिसात मागच्या बाजूला एक छोटी खोली आणि तिच्यात सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा मोठा कॉम्प्युटर. ऑफिसात पहिला एसी लागला तो या खोलीत. मालकांच्या केबिनला त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी लागला. यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. लिनक्स ही शिस्तीची गोष्ट आहे. तिथे प्रत्येक माणसाला स्वतःचं खातं लागतं, त्याचं नाव, त्याचा पासवर्ड, त्याची स्वतःची जागा. मग त्याला एखाद्या गटात घालायचं: वजनवाले, लोडिंगवाले, हिशेबवाले. कुठल्या गटानं काय वाचायचं, काय लिहायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, हे सगळं ठरवून द्यायचं. वजन करणाऱ्यानं वजन लिहावं, पण काल लिहिलेलं वजन आज बदलू नये. एवढी साधी गोष्ट, पण ती ठरवण्यात माझे दिवस गेले. खात्याला नाव देणंसुद्धा सोपं नसतं. आमच्याकडे शिंदे आडनावाचे दोघं होते. आधी नोकरीला लागलेले ते 'शिंदे' आणि नंतर आलेले ते 'शिंदे२', असं मी केलं. नंतर आलेले वयानं मोठे होते. त्यांनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

या सगळ्या खात्यांच्या वर एक खातं असतं, त्याचं नाव 'रूट'. त्याला कसलीच मनाई नसते. रूटनं सर्व्हरला सांगितलं की स्वतःला पुसून टाक, तर तो कारण न विचारता पुसून टाकतो. म्हणून शहाणा माणूस रूट होऊन बसत नाही. तो आपल्या साध्या खात्यातून काम करतो आणि गरज पडली की आज्ञेच्या आधी 'सुडू' हा शब्द टाइप करून तेवढ्या एका आज्ञेपुरता रूटचा अधिकार उसना घेतो. सुडू कुणाला वापरता येईल याची एक यादी असते. आमच्या यादीत फक्त माझं नाव होतं. रूटचा पासवर्ड तर मी बंदच ठेवला होता. हे सगळं छान चाललं होतं, धात्रकांनी सुडू टाइप करेपर्यंत.

धात्रक आमचे लासलगावचे वजनाचे कारकून. पन्नाशीचा, नेमस्त, भित्रा माणूस. शर्टाच्या खिशाला तीन पेनं. एके दिवशी त्यांना एक जुनी नोंद उघडेना. मी लासलगावला गेले की काम करताना दर आज्ञेआधी सुडू टाइप करते हे त्यांनी पाहिलं होतं. कागदाच्या डोक्यावर 'श्री' लिहितात तसलं काही असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी श्रद्धेनं ते टाइप केलं, पासवर्ड दिला, आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं: तुमचं नाव यादीत नाही, या प्रकाराची तक्रार करण्यात येईल.

धात्रक दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाशिकला आले. मी इंदिरानगरहून ऑफिसला पोचायच्या आधी ते आबांच्या केबिनमध्ये जाऊन, आपल्या हातून गुन्हा घडला, पण हेतू वाईट नव्हता, असं सांगून मोकळे झाले होते.

आबा म्हणजे आमचे मालक. लासलगावजवळच्या गावचे. शाळा अर्धवट सोडलेले, पण कांदा नुसता हातात घेऊन तो किती दिवस टिकेल हे सांगणारे. मोठा आवाज आणि मोठं मन. त्यांची एक सवय सांगायला हवी. फोन ते कधी कानाला लावत नसत. स्पीकर चालू करून, फोन तोंडासमोर आडवा धरून बोलत. फोन कानाला लावणं त्यांना लपवाछपवी वाटायची.

मी पोचले तसं त्यांनी मला आत बोलावलं. धात्रक कोपऱ्यात उभे होते.

"ह्याची तक्रार कुणाकडं गेली?" आबांनी विचारलं.

"रूटकडे, आबा."

"हा रूट कोण? आपल्याकडं पगाराला हाय का?"

मी समजावून सांगितलं. रूट हा माणूस नाही, खातं आहे. ती तक्रार म्हणजे रूटच्या नावानं येणारं एक पत्र, ते मलाच येतं, आणि तसली पत्रं मी वाचतसुद्धा नाही. हे ऐकून धात्रकांच्या जिवात जीव आला. आबांचं समाधान झालं नाही. त्यांच्या कंपनीत एक जण असा आहे की ज्याच्याकडे तक्रारी जातात, ज्याला कुणी अडवू शकत नाही आणि तो ते स्वतः नाहीत, ही गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळली होती.

"म्हंजी तो माझ्यावर हाय."

"सर्व्हरपुरता आहे."

"सर्व्हर कुणाचा?"

"तुमचाच."

"मग मला रूट करा."

मी पुष्कळ समजावलं. म्हटलं, तुमच्या खात्याला हवे ते अधिकार देते, सगळं वाचता येईल असं करते, पण रूट नको. त्यावर आबा शांतपणे म्हणाले की घर माझं, कुलूप माझं आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, हे कुठल्या रीतीत बसतं? मालक ते होते.

मी रूटचा पासवर्ड चालू केला आणि तात्पुरता एक पासवर्ड ठेवून त्यांच्या हाती दिला. मग सगळ्यांना सांगते ते त्यांनाही सांगितलं: पहिलं काम म्हणजे हा बदला. कुणालाही ओळखता येणार नाही असा ठेवा. कुणालाही सांगू नका. कुणीही मागितला तरी नाही, अगदी मी मागितला तरी नाही. आबांनी मान डोलावली, मला केबिनबाहेर घालवलं, दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळानं घाम पुसत बाहेर आले.

पुढचे काही दिवस मोठ्या आनंदाचे गेले. लिनक्सला 'मी कोण' असं विचारायची एक आज्ञा आहे. ती टाइप केली की सर्व्हर तुमचं नाव सांगतो. आबा रोज सकाळी लासलगावहून लॅपटॉपवर रूट म्हणून आत यायचे, ती आज्ञा टाइप करायचे, सर्व्हर सांगायचा 'रूट', आणि आबा लॅपटॉप मिटून लिलावाला निघायचे. दुसरं काहीही करायचे नाहीत. रोजच्या नोंदीत मला ते दिसायचं. मला वाटलं, एवढ्यावर भागतंय तर चांगलंच आहे.

मग कांद्याची आवक वाढली. मार्केट यार्डात ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या. त्या गर्दीत आमच्या लोडिंगच्या माणसानं आबांकडे गाऱ्हाणं केलं की वजनाची फाइल मला उघडत नाही, 'परवानगी नाही' म्हणून येतं. ती त्याला उघडायची नव्हतीच, ते काम त्याचं नव्हतं. पण आबांना तो शब्द लागला. आपल्या माणसाला आपल्याच कंपनीत परवानगी नाही? त्यांनी इंटरनेटवर शोधलं. तिथे कुणीतरी परोपकारी माणसानं एका ओळीची आज्ञा लिहून ठेवली होती. ती दिली की सगळ्यांना सगळ्याची परवानगी मिळते. आबांनी एका बोटानं ती टाइप केली. एका फाइलपुरती नव्हे, अख्ख्या सर्व्हरवर, अगदी मुळापासून. सर्व्हरनं रूटची आज्ञा मुकाट्यानं पाळली. आबांनी लॅपटॉप मिटला आणि लोडिंगवाल्याला सांगितलं, जा, आता तुला कुणी अडवणार नाय.

तो गेला, आणि त्याला आतच जाता येईना.

याचं कारण सांगते. सुडूची ती यादी असते ना, तिच्यावर फक्त रूटला लिहिता यायला हवं. कुणीही येऊन खरडू शकतं असं दिसलं की सर्व्हर त्या यादीवर विश्वास ठेवत नाही. बाहेरून येणाऱ्यांना आत घेणारा जो दरवाजा असतो, त्याचंही तसंच. त्याची गुप्त किल्ली कुणालाही वाचता येईल अशी पडली आहे हे दिसलं की तो दरवाजा नव्या माणसाला घेतच नाही. थोडक्यात, आबांनी सगळं सगळ्यांना खुलं केलं आणि सर्व्हरनं कडी लावून घेतली.

जे आधीच आत होते त्यांचं काम मात्र चालू होतं. त्यामुळे सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक जण चहाला उठला, येऊन बसला तर बाहेर. दुसरा जेवून आला, तोही बाहेर. जो उठेल तो जाणार, असं चाललं होतं. मला नाशिकला फोन आला तेव्हा लासलगावच्या वजनकाट्यावर एकच माणूस आत उरला होता, धात्रक. सगळ्या ट्रॅक्टरांच्या वजनाच्या पावत्या त्यांच्या एका कॉम्प्युटरवरून निघत होत्या. पावती निघाल्याशिवाय ट्रॅक्टर रिकामा होत नाही, आणि मागे रांग उन्हात उभी होती. पहाटेपासून आलेली माणसं होती ती. त्यांना माघारी पाठवणं शक्य नव्हतं.

मी धात्रकांना सांगितलं की जागचं उठायचं नाही आणि हातही थांबवायचा नाही. काही वेळ काही टाइप केलं नाही की आमचा प्रोग्राम माणसाला आपोआप बाहेर काढतो, आणि ते बाहेर पडले तर काटा बंद. धात्रकांनी हळू आवाजात विचारलं की साधारण किती वेळ. मी म्हटलं, थोडाच. ते म्हणाले की सकाळपासून तीन वेळा चहा झालाय, मॅडम.

मी मागच्या खोलीत जाऊन सर्व्हरला थेट पडदा आणि कीबोर्ड जोडला. माझ्या खात्यातून आत गेले. सुडू टाइप केलं तर सुडूनं मलाच नकार दिला. सर्व्हर बंद करून पेन ड्राइव्हवरून उठवायची एक वाट होती, पण नोंदी ठेवणारा डेटाबेस या अवस्थेत एकदा बंद पडला की पुन्हा उठायला तयार झाला नसता. तो चालू होता तोवरच दुरुस्ती व्हायला हवी होती. त्यासाठी सर्व्हरसमोर बसून रूट म्हणून आत जायचं होतं आणि रूटचा पासवर्ड जगात एकाच माणसाला माहीत होता.

मी आबांना फोन लावला. ते लिलावात उभे होते. मागे बोली चालली होती, ट्रॅक्टर घरघरत होते. झालेला प्रकार सांगून मी पासवर्ड मागितला.

आबा म्हणाले, "तुमीच सांगितलं व्हतं ना मॅडम. कुणालाबी द्यायचा नाय. तुमी मागितला तरी नाय."

नोकरीच्या सबंध काळात माझा तो नियम अक्षरशः पाळणारा हा पहिला माणूस, आणि तो नेमका आज भेटला होता. मी म्हटलं, आबा, मीच सांगतेय, आजच्या दिवस द्या. ते म्हणाले, मी येतो नाशिकला आणि माझ्या हातानं टाकतो. मी म्हटलं, तुम्हाला यायला तास-दीड तास लागेल, धात्रकांना तेवढं धरवणार नाही. त्यावर ते चक्क लाजल्यासारखे हसले. आबा लाजतात हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाले की थांबा, जरा बाजूला जातो.

ते एका ट्रकच्या आडोशाला गेले. आवाज काही कमी झाला नाही. मला एक अक्षर धड ऐकू येईना. मी म्हटलं, मोठ्यानं सांगा, एकेक अक्षर सांगा. आणि आबांनी, ज्यांना हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं, सुरुवात केली.

"आय. इंग्रजी आय, घरातली आई नव्हं. मग यन, नाशिकचा. मग डी, डाळिंबाचा. यू, उसाचा. लिहिलं का? आता आर, रेल्वेचा, मोठा घ्यायचा. मग ए. मग परत यन."

"कुठला?"

"नाशिकचाच. डाळिंबात कुठं यन हाय? मग परत आय."

आबा ट्रकमागे उभं राहून डाळिंब, ऊस, रेल्वे असं काहीतरी ओरडताहेत हे ऐकून जवळची बोली थांबली होती, हे मला नंतर कळलं. कांद्याच्या लिलावात डाळिंबाचं काय काम, म्हणून चार माणसं ट्रकमागे बघायला आली. नेमक्या त्याच वेळी मी खात्री करून घेण्यासाठी अक्षरं जोडून मोठ्यानं वाचली.

"इंदूराणी. बरोबर ना, आबा?"

फोन स्पीकरवर होता.

आबांच्या पत्नीचं नाव इंदूबाई. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. आबांनी त्यांना नावानं हाक मारलेली कुणीही ऐकलेली नव्हती. त्या जुन्या माणसांत बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण आबा 'अहो' किंवा 'ऐकलं का' एवढंही म्हणत नसत. ते नुसतं खाकरायचे आणि काकू बाहेर यायच्या. आणि यार्डातल्या निम्म्या माणसांनी काकूंच्या हातची भाकरी खाल्लेली होती.

फोनमधून कुणीतरी म्हातारा माणूस अगदी आदरानं म्हणाला, "आबा, राणीला आमचा रामराम सांगा."

फोन बंद झाला.

मी पासवर्ड टाकला आणि आत गेले. त्यापुढचं काम लांब होतं पण अवघड नव्हतं. सर्व्हरवरचा प्रत्येक भाग मुळात कुणाच्या मालकीचा आणि कुणाला किती खुला, याची माहिती त्या-त्या प्रोग्रामबरोबर आलेली असते. ती वापरून आधी सुडूला जागेवर आणलं, मग दरवाज्याची किल्ली झाकली, मग एकेक करत बाकीचं. आमच्या स्वतःच्या फायली हातानं कराव्या लागल्या. लासलगावहून पहिला माणूस आत आला तसा मी काट्यावर फोन केला. धात्रकांशी बोलायचं होतं, शाबासकी द्यायची होती. पण फोन दुसऱ्यानं उचलला. त्यानं सांगितलं की धात्रक पळत गेले आहेत. रांग संध्याकाळच्या आत संपली.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः नाशिकला आले. काय झालं ते त्यांनी नीट समजून घेतलं. म्हणाले, "म्हंजी मी सगळ्यांना मालक केलं, अन् कुणीच मालक राह्यलं नाय." मग रूट तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, म्हणाले. मी पासवर्ड बदलून पुन्हा बंद केला आणि त्यांच्या साध्या खात्याला त्यांना लागतील तेवढे अधिकार दिले. त्यांनी कुरकुर केली नाही. मला मात्र थोडं चुकल्यासारखं वाटत राहिलं. त्या माणसानं एका ठिकाणी, कुणालाही दिसणार नाही अशा जागी, मनातलं काहीतरी ठेवलं होतं आणि ते मी भर बाजारात मोठ्यानं वाचलं.

त्याच आठवड्यात काकू ऑफिसात आल्या. एरवी त्या कधी येत नसत. माझ्या टेबलाशी बसल्या, पाणी प्यायल्या आणि इकडंतिकडंचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "ते बदललं म्हणे तुमी."

मी म्हटलं, बदलावंच लागतं काकू, सगळ्यांना कळलं होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला बी बाजारातूनच कळलं."

मग त्यांनी विचारलं की माझं खातं निघतं का तिथं. काम काही नाही, पण असावं. मी लगेच काढलं. नियम सांगितले, सगळ्यांना सांगते तेच. पासवर्ड ठेवण्यासाठी त्यांना आबांच्या केबिनमध्ये बसवलं आणि दार लावून बाहेर आले. आबा बाहेरच होते. काकू बाहेर आल्यावर आबा खाकरले. काकूंना त्याचा अर्थ बरोबर कळला.

"नाय सांगायचं," त्या म्हणाल्या. "मॅडमनी सांगितलंय."

काकूंचं खातं फारसं वापरलं गेलं नाही. पण काही दिवसांनी नोंदी चाळताना मला दिसलं की त्या खात्यात शिरायचा कुणीतरी प्रयत्न करतंय, आणि पासवर्ड चुकतोय. प्रयत्न आबांच्या लॅपटॉपवरून होत होते. काय टाइप केलं हे नोंदीत दिसत नाही, फक्त चुकलं एवढंच दिसतं. आठवड्यातून एखाद-दोनदा, साधारण सकाळी, आबा आपलं नाव कुठे लागतं का ते बघत होते.

असे प्रयत्न वारंवार झाले की खातं आपोआप बंद होतं. सर्व्हरचा तसा नियम आहे आणि तो मीच घातलेला होता. त्या एका खात्यापुरता मी तो काढून टाकला. माझ्या जागी आलेल्या माणसाला चार्ज देताना मी सगळी खाती एकेक करून दाखवली आणि या खात्यापाशी थांबून म्हटलं, इथे कितीही चुका झाल्या तरी कुलूप लागू द्यायचं नाही. त्यानं साहजिकच कारण विचारलं.

मी म्हटलं, मालकांचं काम चालू आहे.